पाचबत्तीचे पाच, आझाद मैदानाचे दोन

पालघर स्टेशनातून बाहेर पडलो आणि सातपाटीकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो. ऑगस्टचे दिवस होते. पाऊस नुकताच उघडला होता. शेजारी एक विशीतला तरुण होता. गोरखपूरकडचा, बोईसरच्या एमआयडीसीत कामाला. सुट्टी होती म्हणून शिरगावचा समुद्र बघायला निघाला होता. पाचबत्तीच्या चौकात रिक्षा अडकली. समोर हुतात्मा स्तंभ. त्याने मान बाहेर काढून नीट पाहिले आणि मला विचारले, "अंकल, ये किसका है?"

मी मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली. बेचाळीसचा लढा, चौदा ऑगस्ट, कचेरीवरचा मोर्चा, गोळीबार, पाच हुतात्मे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न टाकला, "नाम क्या थे उनके?"

काशिनाथ पागधरे. गोविंद ठाकूर. रामचंद्र चुरी. आणि मी थांबलो. चौथे नाव आठवेना, पाचवेही आठवेना. या रस्त्याने इतक्या वर्षांत किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही आणि पाचांपैकी दोन नावे मला सांगता आली नाहीत. तेवढ्यात रिक्षा सुटली. त्या मुलानेही विषय सोडून दिला. मला मात्र तो सोडता आला नाही.

आपल्याकडे स्मारकाला धक्का लागला की केवढा गहजब होतो! दगड फेकणाऱ्याचा हात कोणाचा होता याचा शोध लागायच्या आत निषेधाची पत्रके निघतात, बंद पुकारले जातात, मोर्चे निघतात. स्मारकाची विटंबना हा गुन्हा आहे आणि त्याचा राग यायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण तो राग कशाचा असतो? ज्याची आठवण त्या दगडात ठेवली आहे त्या माणसाबद्दलचा, की ज्याने दगड फोडला त्याच्या जातीधर्माबद्दलचा, प्रांताबद्दलचा, पक्षाबद्दलचा? रिक्षातल्या त्या प्रश्नानंतर मला २०१२ साल आठवले. कारण त्या एका वर्षात हे सगळे प्रश्न एकदमच उभे राहिले होते. एकदा मुंबईत आणि एकदा इथे, पालघरात.

सत्तरावा चौदा ऑगस्ट

आधी पालघरचे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. पुढारी आत गेल्यावर चळवळ विझेल अशी सरकारची अटकळ होती. झाले उलटेच. जिथे कोणी मोठा पुढारी कधी फिरकला नव्हता, त्या गावांनी ती उचलून धरली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला हा सारा किनारा त्यात होता. मासेमारी करणारी, वाडीत राबणारी, मिठागरात खपणारी माणसे १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघाली. पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले.

सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर. सातपाटीच्या खाडीपलीकडच्या मुरब्याचे रामचंद्र चुरी. आणि मला त्या दिवशी न आठवलेली दोन नावे : सुकुर मोरे आणि रामप्रसाद तिवारी.

ही माणसे काही देशभर गाजलेली नव्हती. त्यांची भाषणे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या मागे राहिला तो हा स्तंभ आणि दरवर्षीचा १४ ऑगस्ट. त्या दिवशी आजही पालघरात लोक स्तंभापाशी जमतात, फुले वाहतात. पंधरा ऑगस्ट साऱ्या देशाचा, पण त्याच्या आदला दिवस पालघरचा स्वतःचा आहे. २०१२ साली त्या गोळीबाराला सत्तर वर्षे पूर्ण होत होती. आणि त्या दिवसाच्या बरोबर तीन दिवस आधी मुंबईत आझाद मैदानावर ती गोष्ट घडली.

काच फुटली तेव्हा

११ ऑगस्ट २०१२, शनिवार. आसाममधला हिंसाचार आणि म्यानमारमधल्या रोहिंग्यांवरचे अत्याचार यांच्या निषेधासाठी रझा अकादमी व इतर काही संघटनांनी आझाद मैदानावर सभा बोलावली होती. सभा चालू असतानाच बाहेर दंगल उसळली. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या जाळल्या, बसेस फोडल्या, पोलिसांवर हल्ले झाले, महिला पोलिसांची छेड काढली गेली. दोन जण मरण पावले आणि पन्नासाहून अधिक जखमी झाले. जखमींत पोलिसांची संख्या मोठी होती.

या सगळ्यात एक छायाचित्र मात्र देशभर गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या समोर, महापालिकेच्या इमारतीच्या हाकेच्या अंतरावर अमर जवान स्मारक आहे. काचेच्या आत उलटी उभी केलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण. ते उभारून फार वर्षे झालेली नव्हती. जमावातला एक तरुण त्या स्मारकावर लाथ मारतो आहे, असे ते छायाचित्र होते. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनातून ते आजही गेलेले नसेल. जळालेली गाडी नवी घेता येते, फुटलेली बस दुरुस्त होते. पण ती लाथ प्रत्येकाला स्वतःला बसल्यासारखी वाटली.

यानंतरचा घटनाक्रम राजकारणाचा आहे. तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते आणि गृहमंत्री आर. आर. पाटील. पोलीस आयुक्त अरूप पटनाईक यांनी जमावावर सरसकट गोळ्या झाडण्याचे टाळले. त्यामुळे मोठा अनर्थ टळला असे म्हणणारे होते, तसे पोलिसांचे हात बांधून ठेवले असे म्हणणारेही होते. २१ ऑगस्टला राज ठाकरे यांनी गिरगाव चौपाटीवरून आझाद मैदानावर मोर्चा नेला आणि गृहमंत्र्यांचा व आयुक्तांचा राजीनामा मागितला. दोन दिवसांत पटनाईक यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी सत्यपाल सिंह आले.

लाथ मारणारा तरुण महिनाअखेर बिहारमधल्या सीतामढी जिल्ह्यात सापडला. मुंबई पोलीस त्याला घेऊन आले. त्यावर, आम्हाला न कळवता आमच्या राज्यातून माणूस उचललाच कसा, असा आक्षेप बिहार सरकारने घेतला. राज ठाकरे यांनी उत्तर दिले की, बिहार असा आडवा येणार असेल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक बिहारी माणसाला आम्ही घुसखोर ठरवू आणि बाहेर काढू. म्हणजे तीन आठवड्यांत विषय कुठून कुठे गेला पाहा. सुरुवात झाली आसाम-म्यानमारपासून, मग तो हिंदू-मुसलमान झाला, मग पोलीस आयुक्ताच्या खुर्चीचा झाला, आणि शेवटी मराठी-बिहारी होऊन बसला. या साऱ्या प्रवासात एक प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ते स्मारक होते कोणाचे?

दगडात कोण होते?

त्यासाठी १८५७ सालात जावे लागते. उत्तरेत उठाव पेटला होता. मुंबई शांत होती, पण ती शांतता वरवरची आहे असा संशय एका माणसाला होता. चार्ल्स फोर्जेट, मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख. हा हिंदुस्थानातच जन्मलेला, इथल्या भाषा उत्तम बोलणारा. वेश पालटून तो रात्री शहरात हिंडत असे. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई गुपचूप जमतात, अशी त्याला बातमी लागली. त्याने गंगाप्रसादला उचलून आणून त्याच्याकडून सगळे काढून घेतले, आणि मग त्या घराच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून स्वतः ती बैठक पाहिली, ऐकली. सोबत पलटणीतला एक इंग्रज अधिकारी होता. आपलेच शिपाई समोर बसून बंडाची बोलणी करताहेत, हे त्या अधिकाऱ्याला आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावरच खरे वाटले. दिवाळीच्या दिवसांत उठायचे, असा बेत ठरत होता.

बेत फुटला. लष्करी न्यायालय बसले. १५ ऑगस्ट ही तारीख आपल्याला पाठ आहे, पण मुंबईकरांनी पाठ करावी अशी आणखी एक तारीख आहे : १५ ऑक्टोबर १८५७. त्या दिवशी एस्प्लनेडच्या माळावर, म्हणजे आज ज्याचा एक तुकडा आझाद मैदान म्हणून उरला आहे तिथे, दोन शिपायांना तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. एक मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दुसरा दहाव्या पलटणीतला शिपाई मंगल गाडिया.

अमर जवान स्मारक या दोघांच्या आठवणीसाठी उभे आहे. एक मुसलमान आणि एक हिंदू. एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकाच गुन्ह्यासाठी दोघे गेले. ज्याने लाथ मारली त्याला, आपण सय्यद हुसेनलाच लाथ मारतो आहोत, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पण नंतर त्या लाथेवरून जे एका अख्ख्या समाजाला धारेवर धरत होते, त्यांच्यापैकी तरी किती जणांना ते माहीत होते? फोडणारा अडाणी होता हे खरे. रक्षणकर्ते किती शहाणे होते?

त्या वेळी एखाद्या नेत्याने, कोणत्याही पक्षाच्या, स्मारकासमोर उभे राहून फक्त ही दोन नावे मोठ्याने उच्चारली असती, तर मोर्चाची गरज पडली नसती असे मी म्हणत नाही. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी होती, पोलिसांवरच्या हल्ल्याचा जाब विचारायलाच हवा होता. पण मोर्चातून घरी परतणाऱ्या माणसाच्या डोक्यात रागाबरोबर आणखीही काही गेले असते. स्मारक पुन्हा नीट केले गेले, आजही ते तिथे आहे. रोज लाखो माणसे त्याच्या समोरून लोकल पकडायला धावतात.

मग पालघरची पाळी

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या अंत्ययात्रेला मुंबईत जनसागर लोटला आणि आसपासची गावे बंद राहिली. पालघरही बंद होते. या बंदविषयी पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. संध्याकाळपर्यंत जमाव गोळा झाला. त्या मुलीच्या एका नातेवाइकाचे पालघरमधले रुग्णालय फोडण्यात आले. पोलिसांनी दोन्ही मुलींना अटक केली.

पुढचे सारे जगाने पाहिले. प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना खरमरीत पत्र लिहिले. तोडफोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांसह दोन अधिकारी निलंबित झाले. तेव्हा त्या निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने २८ नोव्हेंबरला पुन्हा पालघर बंद पुकारला. मुलींवरचे गुन्हे पुढे मागे घेतले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले आणि ज्या कायद्याखाली ही अटक झाली होती ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पालघरचे नाव असे कायद्याच्या पुस्तकांत कायमचे गेले.

पण त्या चार ओळींतला एक प्रश्न या गदारोळात हरवला. बंद कशासाठी, या मुद्द्याला जोडून त्या मुलीने विचारले होते की, ज्यांच्यामुळे आपण स्वतंत्र झालो त्या भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटचे दोन मिनिटे कधी स्तब्ध उभे राहिलो? तिचे बाकीचे म्हणणे कोणाला पटेल, कोणाला बोचेल. ज्यांच्या घरातले माणूस गेल्यासारखे दुःख होते त्यांना ती वेळ चुकीची वाटली असेल, हेही मी समजू शकतो. पण हा एक प्रश्न पालघरात विचारला जावा आणि त्याचे उत्तर दगडाने मिळावे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी तयार आहे असे हे गाव. दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्म्यांपुढे उभे राहणारे. कोणीतरी त्या मुलीला शांतपणे सांगायला हवे होते, "पोरी, आम्ही उभे राहतो. दरवर्षी. चल, तुला पाचबत्तीला घेऊन जातो." तसे म्हणणारा त्या संध्याकाळी पुढे आला नाही, किंवा आला असला तरी त्याचा आवाज काचा फुटण्याच्या आवाजात बुडून गेला.

ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर जमावाने स्मारक फोडले म्हणून ज्यांचे रक्त तापले होते, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना तीन महिन्यांनी पालघरात रुग्णालय फोडणे समर्थनीय वाटले. आणि पालघरच्या तोडफोडीवर ज्यांनी अश्रू ढाळले, त्यांच्यापैकी काही जण आझाद मैदानाविषयी बोलताना चाचरत होते. काच फुटली की आपण आधी दगड कोणाचा ते पाहतो, आणि मग रागवायचे की नाही ते ठरवतो.

न फोडता मोडलेले

हे एका वर्षाचे दुखणे नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा पुतळा रात्रीच्या अंधारात उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. 'राजसंन्यास' या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप होता. महापालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या. नाटक वाचून कोणाचे काय चुकले याची चर्चा करायला कोणालाच सवड नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये शिवाजी पार्कजवळच्या मीनाताई ठाकरे यांच्या पुतळ्यावर लाल रंग टाकला गेला, आणि रंग पुसून होण्याच्या आत त्याचा पक्षीय अर्थ लावण्याची चढाओढ सुरू झाली.

या बातम्या होतात, कारण त्यांत आरोपी असतो. पण आरोपी नसलेली विटंबना आपल्याला दिसतच नाही. आपल्या या किनाऱ्यावर किल्ल्यांची माळ आहे. वसई, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू. तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर तिथे कामी आले. थोरल्या बाजीरावांचा हा जिवाभावाचा माणूस. त्यानंतर चार महिन्यांनी वसई पडली. आज तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र आणि रासायनिक कारखाने डोळ्यांपुढे येतात. तारापूरला किल्ला आहे हे बोईसरला उतरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. किल्ल्यांच्या भिंतींवर विटेच्या तुकड्याने कोरलेली बदामातली नावे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्या बदामांसाठी मोर्चा निघाल्याचे मी कधी ऐकले नाही. तिथे लिहिणारी मुले कोणा एका पक्षाची, कोणा एका धर्माची नसतात. ती आपली असतात.

आणि स्मारकाची सगळ्यांत चिवट मोडतोड तर हातानेही होत नाही. ती विसरण्याने होते. स्तंभाला रंग लागतो, दिवे लागतात, भोवती कठडा होतो. चौकाचे नाव रिक्षाचा थांबा होऊन जाते. आपण रोज तिथून जातो, आणि एक दिवस कोणी परका माणूस साधा प्रश्न विचारतो तेव्हा लक्षात येते की, दगड जागेवर आहे पण आतली माणसे आपल्याजवळ उरलेली नाहीत. ही मोडतोड माझ्याकडूनच झाली होती. त्याचा निषेध मी कोणाविरुद्ध करणार?

फार मोठे काही करायला हवे असेही नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघरचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत, मराठी असो, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी, चौथी-पाचवीच्या मुलांना पाच नावे पाठ असावीत. पाढे पाठ होतात, तर पाच नावे होणार नाहीत? सातपाटीच्या मुलाला पागधरे आपल्या गावचे म्हणून कळावेत, मुरब्याच्या मुलीला चुरी. बोईसरच्या चाळींत आणि इमारतींत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची जी मुले वाढताहेत, त्यांनाही कळावीत. ती आता इथलीच आहेत. गावाचा इतिहास त्यांना दिला नाही, तर ते गाव त्यांना आपले कसे वाटावे? आणि जे आपले वाटत नाही, त्याला दगड मारताना हात कशाला अडखळेल?

त्या दिवशी सातपाटीहून परतताना अंधार पडला होता. घरी आलो, जुनी कात्रणे काढली आणि ती दोन नावे शोधली. पाचवे नाव वाचले आणि खूप वेळ तसाच बसून राहिलो. रामप्रसाद तिवारी. पालघरच्या कचेरीपुढे बेचाळीसमध्ये ज्यांनी छातीवर गोळी घेतली, त्यांत एक तिवारी होते. पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे आणि तिवारी, एका दिवशी, एका झेंड्यासाठी. गोरखपूरकडच्या त्या मुलाने मला नावे विचारली होती, आणि जे एक नाव ऐकून तो त्या स्तंभाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकला असता, नेमके तेच मी विसरलो होतो.

तो पुन्हा कधी भेटेल असे वाटत नाही. पण पाचबत्तीला रिक्षा अजूनही अडकतात, आणि शेजारी कोणी ना कोणी नवखा बसलेला असतोच. आता कोणी विचारले तर माझी पाचही नावे तयार आहेत. तुमची आहेत?